अकरा मिनिटांचा खुलासा

चार महिने मी एका प्रश्नाची वाट पाहत होते. कुणीतरी काहीतरी विचारावं, बस. चूक काढली तरी चालेल, शिव्या घातल्या तरी चालेल, पण विचारावं.

पालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून एक खोली आहे. तिथे आधी झाडू आणि फिनेलचे डबे असायचे. डबे हलवले, दारावर 'खुली माहिती कक्ष' अशी पाटी ठोकली आणि आत मला बसवलं. फिनेलचा वास अजून आहे, पण त्याची सवय होते. काम अगदी सरळ होतं. शहराबद्दल पालिकेने जे जे लिहून ठेवलंय ते शहरातल्या माणसांना घरबसल्या वाचता आलं पाहिजे. झाडांची यादी, दिव्यांच्या खांबांची यादी, पाण्याच्या टाक्या कधी धुतल्या त्याच्या तारखा, दुकानांची सुरक्षा तपासणी. मी एकेक तक्ता घासूनपुसून वेबसाइटवर चढवत होते.

नियमही मीच लिहिले, कारण ते लिहायला दुसऱ्या कुणाला वेळ नव्हता. त्यातला तिसरा नियम माझा लाडका. नागरिकाने प्रश्न विचारला की सात दिवसांत खुलासा द्यायचा. ज्याच्या कामाबद्दल प्रश्न आहे त्यानेच तो लिहायचा, स्वतःच्या नावाने, आणि तो सगळ्यांना दिसेल असा लावायचा. त्यावर गुरुवारी सकाळी दहाला सभागृहात उघड सुनावणी. साहेबांनी न वाचता सही केली. नंतर ते म्हणत राहिले की वाचून केली होती.

एवढं सगळं करून प्रश्न शून्य. चार नंबरचा तक्ता, म्हणजे दुकानांच्या तपासणीचा, सात वेळा डाउनलोड झाला होता. त्यातल्या पाच वेळा मीच केला होता, चालतोय की नाही बघायला. गुरुवारी दहा वाजता मी सभागृहातला पंखा लावायचे, अर्धा तास एकटी बसायचे आणि पंखा बंद करून परत यायचे.

मग पाचवा तक्ता आला, कचऱ्याच्या गाड्यांचा. प्रत्येक गाडीत एक यंत्र बसवलेलं आहे, ते दर दहा सेकंदांनी गाडी कुठे आहे आणि किती वेगात आहे ते कळवतं. नकाशावर गाडीचा ठिपका सरकताना दिसतो. ठरलं होतं असं की लोकांना फक्त गाडी कोणत्या गल्लीत किती वाजता येते तेवढंच द्यायचं, बाकीचं गाळायचं. पण त्या दिवशी बैठकीत कुणीतरी म्हणालं, "लोकांना एवढं कशाला हवं?" आणि माझं डोकं फिरलं. चढवताना स्क्रीनवर 'सर्व रकाने' असा एक चौकोन येतो. त्यात मी बरोबरची खूण केली आणि चार महिन्यांची सगळी नोंद, दहा-दहा सेकंदांची, थांब्यांसकट, शहराच्या हवाली केली. उचलली माहिती, लावली वेबसाइटला.

तीन आठवड्यांनी, एका शुक्रवारी, प्रश्न आला.

पाठवणारे आमचे गणिताचे सर. निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली, तरी ते समोर आले की मी अजून नखं लपवते. प्रश्न त्यांच्या फळ्यावरच्या अक्षरासारखाच नेटका होता. 'गाडी क्रमांक ७ रोज सकाळी ७:१० ते ७:२१ अशी अकरा मिनिटे एकाच जागी उभी असते. चार महिन्यांत कामाचा एकही दिवस याला अपवाद नाही. यामुळे पुढील गल्लीतला, म्हणजे माझ्या गल्लीतला, कचरा अकरा मिनिटे उशिरा उचलला जातो. कारण काय?'

मी खुर्चीसकट दोन गिरक्या घेतल्या. खुर्चीला चाकं आहेत म्हणून, नाहीतर पायांनी घेतल्या असत्या. लोक वाचतायत. नुसते वाचत नाहीत, गणित मांडतायत. मी नाचत नाचत वाहन विभागाची वही काढली, सात नंबरच्या चालकाचं नाव बघितलं आणि खुर्चीत बसले.

सात नंबर माझा धाकटा भाऊ चालवतो.

त्याला घरात घुम्या म्हणतात. चार वर्षांचा होईपर्यंत तो बोललाच नाही, आणि बोलला तेव्हा पहिला शब्द निघाला 'नको'. आता तो तेहेतीस वर्षांचा आहे आणि शब्द बेताबेतानेच वापरतो. सात नंबर ही एकट्याने चालवायची छोटी गाडी, डबा आपोआप उचलून रिकामा करणारी. मी तिला नुसती 'घुम्याची गाडी' म्हणायचे, नंबर कधी ध्यानातच ठेवला नव्हता. ती त्याला मिळाली तेव्हा आई म्हणाली, बरं झालं, दिवसभर कुणाशी बोलायला नको. गाडीवर त्याचा फार जीव. आरसे तो स्वतःच्या रुमालाने पुसतो. आणि अशा पोराला मी, त्याच्या सख्ख्या बहिणीने, शहराच्या वेशीवर टांगलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

साहेब जिना चढून स्वतः खोलीत आले, हेच मुळात आक्रीत. वाहनांचा कारभारही त्यांच्याकडेच आहे. त्यांनी नियम सांगितला. पाच मिनिटांच्या वर विनाकारण गाडी थांबवली की चालकाची गाडी काढून घ्यायची आणि त्याला आवारात इतरांच्या गाड्या धुवायला लावायचं. कारण पटण्यासारखं असेल तर प्रश्न मिटला. गुरुवारी ठरवू म्हणाले. मग दाराकडे बघून आवाज खाली आणला आणि म्हणाले, तो थांब्यांचा रकाना तांत्रिक बिघाडामुळे उडाला असंही होऊ शकतं, नाही का?

खोटं कशाला बोलू, माझा हात गेला होता. एक खूण काढायची, एक बटण दाबायचं, की भाऊ सुटला. पण कोपऱ्यात डाउनलोडचा आकडा दिसत होता. सकाळपर्यंत बारा असलेला आकडा तीनशे चाळीसवर गेला होता. लोकांना दिलेलं परत कसं मागणार? आणि मागितलं तरी उद्यापासून मी त्या पाटीखाली कोणत्या तोंडाने बसणार? मी साहेबांना सांगितलं की रकाना राहील, खुलासा लावू, आणि खाली लिहू की प्रश्न हाताळणारी कर्मचारी ही चालकाची सख्खी बहीण आहे. साहेब म्हणाले की हे धाडस आहे की खुळेपणा ते गुरुवारी कळेल.

शनिवारपर्यंत शहराला दुसरा विषय उरला नव्हता. प्रश्न सगळ्यांना दिसत होता ना. कुणी म्हणे चालक झोप काढतो. कुणी म्हणे तो व्यायाम करतो. एका शाळेच्या पोरांनी आलेख काढून भिंतीवर लावला आणि त्याला रंग दिला. पावाच्या दुकानात दोन गिऱ्हाइकांची पैज लागली, आणि हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या घरचा कचरा महिनाभर खाली आणायचा असं ठरलं. आमच्या कार्यालयातली टपालवाली बाई म्हणाली की ती आता अंडी या थांब्यावर लावते. ठिपका थांबला की गॅस पेटवायचा, हलला की बंद करायचा, अंडं हवं तसं होतं.

आणि आमची आई. ती पहिल्या दिवसापासून मोबाइलवर सात नंबरचा ठिपका बघत बसायची, लेक कुठवर पोचला म्हणून. रोज ७:१० ला ठिपका अडकला की तिला वाटायचं मोबाइल बिघडला. ती चमच्याने स्क्रीनवर टकटक करायची. अकरा मिनिटांनी ठिपका हलला की म्हणायची, "बघ, ठोकल्याशिवाय चालत नाही."

शनिवारी दुपारी घुम्या जेवून उठायच्या आत मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. आई ओट्याशी आणि मी दाराशी. सुटायला वाट नव्हती.

मी विचारलं, तिथे आहे काय? एकेक शब्द दाढेखालून काढावा तसं सगळं बाहेर आलं. तिथे किल्ल्यांचं दुकान आहे. वडिलांच्या मागे मुलगी चालवते. ती सकाळी सव्वासातच्या आधी उघडते, आणि तिचं शटर अडकतं. एकदा ती एकटीच ओढत होती, याने गाडी थांबवली आणि खांदा लावून उचलून दिलं. दुसऱ्या दिवशीही अडकलं. तिसऱ्या दिवशीही.

"शटर उचलायला किती वेळ लागतो?"

"दोन मिनिटं."

"बाकीची नऊ?"

"गाडीत बसतो."

"काय करतोस गाडीत बसून?"

"बोलायचं काय ते ठरवतो."

आईचा चमचा हातातच राहिला. मी विचारलं, हे किती दिवस चाललंय. तो म्हणाला, एक वर्ष आणि दोन महिने. आणि ठरलं का काही? त्याने मान हलवली. नाही.

मला हसू आवरेना आणि त्याची इतकी माया आली की त्याच्या ताटात नको असताना दोन चमचे भाजी वाढली. रोज नऊ मिनिटं, चौदा महिने. इतका विचार करून एखाद्याने पूल बांधला असता. आई म्हणाली, "अरे, बोलणाऱ्याची बोरं खपतात आणि न बोलणाऱ्याचे आंबे पडून राहतात." घुम्या म्हणाला, "माहीत आहे." मग त्याला गाडी जाण्याचं सांगितलं. गाडी गेली तर सकाळी ७:१० ला तो आवारात पाण्याची नळी धरून उभा असणार, आणि शटर दुसरंच कुणीतरी उचलणार. तेव्हा त्याचा चेहरा पडला. त्याला गाडीचं नव्हतं. त्याला त्या अकरा मिनिटांचं होतं.

खुलासा लिहायला त्याने तीन दिवस घेतले. मंगळवारी कागद हातात दिला. त्यावर लिहिलं होतं, 'दुकानाचे शटर अडकते. मी उचलतो.' खाली सही. मी म्हटलं, बाकीच्या नऊ मिनिटांचं काय? तो म्हणाला, ती कशी लिहू? कागद तसाच लावला.

बुधवारी माझ्याने राहवलं नाही. ही किल्लीवाली आहे तरी कोण ते बघायला मी ऑफिसच्या कपाटाची किल्ली पर्समध्ये टाकून तिच्या दुकानात गेले, जशी काही दुसरी करून घ्यायची आहे. दुकान लहान, जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं. भिंतभर किल्ल्या टांगलेल्या, प्रत्येक खिळ्याखाली बारीक अक्षरात नंबर. ती माझ्याहून लहान, केस घट्ट बांधलेले, बोटांवर पितळेचा कीस. माझ्या आधीच्या माणसाने एक गंजलेलं कुलूप आणलं होतं, किल्ली आत मोडलेली. तिने कुलूप कानाशी धरलं, एक तार घातली, आणि मी पर्सची चेन लावेपर्यंत ते उघडलं होतं. तो माणूस तोंडात बोट घालून बघत राहिला. ती म्हणाली की अडकलेली वस्तू तिला बघवत नाही, सुटेपर्यंत झोप येत नाही.

हे वाक्य मी माझ्या या दोन कानांनी ऐकलं आणि किल्ली घेऊन घरी आले. एवढ्यावर शहाण्या माणसाने दाराशीच थबकून मागे वळून वर शटरकडे बघितलं असतं. मी मात्र मनात म्हणत होते की हात चांगले आहेत, स्वभाव बरा दिसतोय, घुम्याची पसंती वाईट नाही. निघताना ती सहज म्हणाली, "पालिकेच्या कपाटाची आहे ना? नंबर ओळखते मी." मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत म्हणाली, "उद्या दहाला ना?" मी हो म्हटलं आणि पळाले.

गुरुवारी सभागृहात पंखा लावायला गेले तर आत शिरायला जागा नव्हती. खुर्च्या आठ आणि माणसं दीडशे तरी. पावाच्या दुकानातले दोघे पैजवाले, आलेख घेऊन आलेली शाळेची बाई, टपालवाली, आणि पहिल्या ओळीत ठेवणीतली चप्पल घालून आई. चार महिने रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलेल्या माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. घुम्या भिंतीला टेकून उभा होता. त्याने गणवेशाला इस्त्री केली होती. बाहीची घडी उलटी पडली होती, आणि ती सरळ करायला माझे हात शिवशिवत होते.

साहेबांनी सांगितलं, आधी प्रश्न, मग खुलासा. सरांनी प्रश्न वाचला. मी खुलासा वाचला. दोन वाक्यं, कितीसा वेळ लागणार. लोकांनी एकमेकांकडे बघितलं. कुणीतरी 'अरेरे, एवढंच' असं म्हणालं. पैजवाल्यांपैकी कुणीच जिंकलं नव्हतं. साहेबांच्या कपाळावरच्या आठ्या मात्र गेल्या. नागरिकाला मदत म्हणजे पटण्यासारखं कारण. ते पेन उघडत होते, आणि मी श्वास सोडत होते.

तेवढ्यात सर पुन्हा उभे राहिले. हातात कागद होता. ते म्हणाले की त्यांनी काल चार नंबरचा तक्ताही काढून बघितला.

चार नंबर. दुकानांची सुरक्षा तपासणी. माझं लाडकं, सात वेळा डाउनलोड झालेलं बाळ. माझे पाच सोडले तर उरलेल्या दोन वेळा कुणी केलं असेल हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

सरांनी चष्मा वर केला आणि वाचलं. "दुकान, किल्ल्या व कुलपे. तपासणीची तारीख, दहा महिन्यांपूर्वीची. आग विझवण्याचे साधन आहे. विजेची जोडणी ठीक. शटर नवीन रुळावर बसवलेले, एका हाताने उघडते." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. आठवीत माझं उत्तर चुकलं की असंच बघायचे, रागाने नव्हे, वाईट वाटून. "दोन्ही तक्ते पालिकेचे आहेत. दोन्ही बरोबर असू शकत नाहीत."

मी घुम्याकडे बघितलं. तो खोटं बोलणाऱ्या माणसासारखा दिसत नव्हता. चौदा महिने ज्या शटरला खांदा लावला ते एका हाताने उघडतं असं कळलेल्या माणसासारखा दिसत होता. त्याने नकळत उजवा खांदा चोळला. साहेबांनी पेन दुसऱ्या कागदाकडे नेलं आणि मला विचारलं, म्हणजे खुलासा खोटा असं लिहायचं का? दोन्ही तक्ते मीच चढवले होते. भावाला खोल पाण्यात ढकलायचं आणि वरून दगडही मारायचा, अशी माझी गत झाली होती. आईने माझा हात घट्ट धरला.

"दोन्ही बरोबर आहेत," मागून कुणीतरी म्हणालं.

किल्लीवाली दाराजवळ उभी होती. लोकांनी वाट करून दिली. ती पुढे आली आणि तिने साहेबांच्या टेबलावर एक वस्तू ठेवली. अंगठ्याएवढी लोखंडी पाचर, कानस मारून मारून गुळगुळीत केलेली.

"पहिले चार महिने शटर खरंच अडकायचं, मग नवीन रुळावर बसवलं. मीच बसवलं. एका हाताने उघडतं," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी बंद करताना ही पाचर मी रुळात ठोकते. सकाळी ते अडकतं."

साहेबांनी विचारलं, "कशासाठी?"

"सरळ उघडलं तर हे गाडीतून खाली उतरायचे नाहीत."

'हे' म्हणाली आणि आईने माझ्या हाताला असा चिमटा काढला की दोन दिवस वळ राहिला.

"दोन मिनिटं उतरतात, बाकीची नऊ गाडीत बसून राहतात," ती पुढे म्हणाली. "मी आत काउंटरमागे उभी राहून ती नऊ मिनिटं मोजते. दहा महिने झाले. मोडलेल्या किल्लीचं कुलूप मी चुटकीत उघडते. एवढं एक मला उघडता आलं नाही."

कुणी हसलं नाही. हसण्यासारखंच होतं सगळं, पण कुणी हसलं नाही. शाळेच्या बाईने आलेखाची गुंडाळी छातीशी धरली होती. सर खाली बसले आणि चष्मा पुसायला लागले.

साहेबांना शेवटी आठवलं की ही सुनावणी आहे. त्यांनी घसा साफ केला आणि चालकाला काही म्हणायचं आहे का असं विचारलं. घुम्या भिंतीपासून सुटला. मला वाटलं, आता हा 'नको' म्हणतो की काय.

तो म्हणाला, "साहेब, उद्यापासून नऊ मिनिटं लागणार नाहीत."

"का?"

"ठरलं."

"काय ठरलं?"

"काय बोलायचं ते."

साहेब तसे नियमाचे माणूस. त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, मग इथेच बोलून टाका, म्हणजे गाडीचीही दोन मिनिटं वाचतील. आता लोक हसले, आणि सगळ्यांनी माना पुढे काढल्या. पण घुम्या काही तिथून बोलला नाही. तो टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ गेला, वाकला आणि तिच्या कानात काहीतरी म्हणाला. मोठं नसावं, कारण तो लगेच सरळ झाला. ती त्याच्याकडे बघून हो म्हणाली. ते हो सगळ्यांना ऐकू आलं. आधीचं वाक्य कुणालाच आलं नाही.

सर उठून म्हणाले की चालकाने काय विचारलं ते नोंदीत यायला हवं, नाहीतर उत्तर अर्धवट राहतं. साहेब म्हणाले, "सर, बसा." माझ्या आयुष्यात सरांना कुणी 'बसा' म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. सर बसले, आणि हसत होते. साहेबांनी कागदावर लिहिलं, 'कारण पटले. गाडी चालकाकडेच राहील. यापुढे थांबा शून्य मिनिटे.' मग पाचर उचलून मला विचारलं, हिचं काय करायचं, पुरावा म्हणून ठेवायची? घुम्याने हात पुढे केला. साहेबांनी ती त्याच्या हातावर ठेवली. आता ती सात नंबरच्या काचेपाशी असते आणि वळणावर इकडून तिकडे सरकते.

त्या संध्याकाळी मी वेबसाइट उघडली तर अकरा नवे प्रश्न आले होते. झाडांवर तीन, दिव्यांवर पाच, टाक्यांवर दोन. एक पावाच्या दुकानातून होता, पैज कुणी जिंकली असं धरायचं म्हणून. लोकांना विचारायची चटक लागली होती. मी खोलीत एकटीच हसत बसले आणि टपालवालीने डोकावून विचारलं की फिनेल चढलं का.

शुक्रवारी सकाळी आईने आणि मी एकाच मोबाइलवर डोकी टेकवून बघितलं. ठिपका आला, किल्ल्यांच्या दुकानासमोर आला आणि थांबला नाही. पण वेगाच्या रकान्यात वीसचे चार झाले. पायी चालणाऱ्या म्हाताऱ्यानेही मागे टाकलं असतं अशा वेगाने तो ठिपका त्या दुकानासमोरून गेला. आईने सवयीने चमचा उचलला होता, तो तसाच खाली ठेवला.

सोमवारी बारावा प्रश्न आला. पाठवणाऱ्या नागरिकाचा पत्ता, किल्ल्या व कुलपांचं दुकान. 'गाडी क्रमांक ७ आज ७:१० ऐवजी ७:१२ ला आली. सदर नागरिकास दुकानाच्या पायरीवर उभे राहून दोन मिनिटे वाट पाहावी लागली. चालकाने खुलासा करावा.'

तिसरा नियम. ज्याच्या कामाबद्दल प्रश्न त्यानेच लिहायचं. मी प्रश्न घुम्याच्या मोबाइलवर पाठवला आणि मनात म्हटलं, आता गुरुवारपर्यंत थांबा. त्याचं उत्तर चार मिनिटांत सुरू झालं. मग येतच राहिलं. मी चहा पिऊन आले तरी येत होतं. माझ्या भावाने, ज्याने अख्ख्या आयुष्यात एका वेळी सात शब्दांच्या वर कधी उधळले नव्हते, त्याने दीड पान लिहिलं होतं. त्या नऊ-नऊ मिनिटांत जे काही साठलं होतं ते सगळं त्यात होतं. ती पहिल्यांदा शटर ओढताना कशी दिसली, तिच्या बोटांवरचा पितळेचा कीस उन्हात कसा चमकतो, आणि कोणत्या दिवशी त्याने काय बोलायचं ठरवलं होतं आणि का नाही बोलला. दोन मिनिटांच्या उशिराबद्दल शेवटी एकच ओळ होती की आरसे पुसत होतो.

मी पहिल्या चार ओळी वाचल्या आणि मग वाचायचं थांबवलं, म्हणजे जवळजवळ थांबवलं. डोळे पुसले. नियमाप्रमाणे हे शहराला दाखवायचं होतं. नियम माझाच, आणि त्याच्यासाठी मी साहेबांशी भांडले होते. स्क्रीनवर तो चौकोन पुन्हा आला, सर्व रकाने.

या वेळी मी खूण केली नाही. प्रश्न लावला, तारीख लावली, वेळ लावली. खुलाशाच्या रकान्यात लिहिलं, 'चालकाने दिलेला खुलासा संबंधित नागरिकास थेट पाठवला आहे. तो तिचाच आहे.' मग दीड पान तिच्या पत्त्यावर पाठवलं आणि झाडांवरचे तीन प्रश्न उघडले.